रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा संग्रह आणि इतिहासाचे वस्तुरूप साधन : खार्किवच्या 'फेड' कॅमेऱ्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेत्सलार या गावी झालेल्या लिलावात एक जुना कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरो इतक्या किमतीस विकला गेला. १९२३ च्या सुमारास प्रायोगिक स्वरूपात तयार झालेल्या दोन डझनांच्या आसपास लायका कॅमेऱ्यांपैकी तो १०५ क्रमांकाचा होता आणि लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याने तो स्वतः वापरला होता. याच मालिकेतील १२२ क्रमांकाचा कॅमेरा २०१८ मध्ये २४ लाख युरोंना गेला होता. संग्राहकांच्या जगात मोल कशाला मिळते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. वस्तू दुर्मीळ हवी, मूळची हवी आणि एखाद्या थोर नावाशी जोडलेली हवी.

इतिहासाच्या अभ्यासकाने हीच मोजपट्टी स्वीकारावी काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. नाणी, ताम्रपट, शस्त्रे, मृद्भांडी यांच्याकडे साधन म्हणून पाहण्याची शिस्त आपल्याकडे रुजली आहे. विसाव्या शतकातील यांत्रिक वस्तूंच्या वाट्याला ती फारशी आलेली नाही. त्या एकतर भंगारात जातात किंवा हौशी संग्राहकाच्या काचेच्या कपाटात बंद होतात. संग्राहकांनी दीर्घकाळ दुय्यम मानलेला, लायकाची नक्कल म्हणून हिणवला गेलेला 'फेड' हा सोव्हिएत कॅमेरा या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. साधन म्हणून तो अनेक अस्सल कॅमेऱ्यांपेक्षा अधिक बोलका आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

रेंजफाइंडरची रचना आणि लायकाचा उदय :

विषयप्रवेशापुरती रचना समजून घेणे आवश्यक आहे. माणसाला दोन डोळ्यांमुळे अंतराचा अंदाज येतो, कारण प्रत्येक डोळा वस्तूकडे किंचित वेगळ्या कोनातून पाहतो. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. तो याच तत्त्वावर चालतो. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर काही अंतराने दोन लहान खिडक्या असतात. एकीतून येणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून सरळ डोळ्यापर्यंत पोहोचतो. दुसरीतून येणारा प्रकाश फिरत्या आरशावरून किंवा लोलकावरून वळून त्याच जागी येतो. त्यामुळे वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवताना एक प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की भिंग त्या अंतराला जुळले असे समजावे. दोन खिडक्यांमधील अंतर जितके अधिक, तितके मापन अचूक. भूमापनातील पायारेषेचा हाच नियम आहे. तोफखान्यासाठी आणि युद्धनौकांसाठी असे मापक छायाचित्रकारांच्या कितीतरी आधीपासून वापरात होते.

बार्नाक वेत्सलार येथील एर्न्स्ट लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीस होता. चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी वापरून त्याने १९१३-१४ च्या सुमारास २४ × ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा नमुना तयार केला. युद्ध आणि त्यानंतरची जर्मनीतील आर्थिक दुर्दशा यांमुळे हा कॅमेरा बाजारात येण्यास १९२५ साल उजाडले. त्या वर्षी लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो मांडला गेला. आरंभीच्या लायकाला भिंगाशी जोडलेला अंतरमापक नव्हता. अंतर डोळ्यांनी अजमावावे लागे किंवा वेगळे उपकरण वर बसवून मोजून भिंगावर उतरवावे लागे. भिंगाशी जोडलेला अंतरमापक १९३२ मधील 'लायका दोन'मध्ये आला. त्याच वर्षी झाइस इकॉन कंपनीने ड्रेस्डेन येथून 'कॉन्टॅक्स' हा प्रतिस्पर्धी कॅमेरा बाजारात आणला. खिशात मावणारा कॅमेरा, एका गुंडाळीत ३६ चित्रे आणि फारसा आवाज न करणारे कापडी शटर हा मेळ त्यापूर्वी छायाचित्रकाराला कधी लाभला नव्हता.

खार्किवची कम्यून आणि 'फेड' :

पहिले महायुद्ध, यादवी युद्ध आणि १९२१ चा दुष्काळ यांनंतर सोव्हिएत प्रदेशात लक्षावधी मुले बेघर झाली होती. त्यांच्या पुनर्वसनाच्या संदर्भात अंतोन मकारेंको हे नाव शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोल्तावाजवळील गॉर्की वसाहतीचा अनुभव गाठीशी असलेल्या मकारेंको यांच्याकडे खार्किव येथे १९२७ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या कम्यूनची सूत्रे आली. ही कम्यून युक्रेनच्या राजकीय पोलीस यंत्रणेने आपल्या संस्थापकाच्या स्मरणार्थ उभारली होती. ते संस्थापक म्हणजे १९१७ मध्ये 'चेका' ही गुप्त पोलीस संघटना स्थापन करणारे आणि १९२६ मध्ये निधन पावलेले फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की. त्यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच 'फेड'.

मुलांनी दिवसाचे चार तास कारखान्यात काम करावे आणि उरलेल्या वेळात शिकावे, अशी येथील पद्धत होती. प्रारंभी सुतारकाम, शिवणकाम असे व्यवसाय चालत. पुढे कम्यूनने विजेवर चालणारे हातड्रिल बनवण्याचा कारखाना उभारला. अशी ड्रिल यंत्रे तोवर परदेशातून आणावी लागत. परकीय चलन वाचवणे हे पहिल्या पंचवार्षिक योजनेचे एक सूत्रच होते. त्यानंतर कम्यूनने हाती घेतलेली वस्तू होती लायका. ऑक्टोबर १९३२ मध्ये पहिले तीन नमुने तयार झाले आणि १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. जर्मन सैन्य १९४१ मध्ये खार्किवच्या दारात येईपर्यंत दीड लाखाहून अधिक कॅमेरे या कारखान्यातून बाहेर पडले.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर यशस्वी नक्कल करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. लायकाच्या निर्मितीमागे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या उभ्या होत्या. खार्किवमध्ये भिंगाची काच, पडद्याचे रबरी कापड, बारीक स्प्रिंगा, सगळ्याचीच जुळवाजुळव करावी लागली. या अडचणींच्या खुणा आजही कॅमेऱ्यात सापडतात. युद्धपूर्व फेडमध्ये भिंग बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर सर्व कॅमेऱ्यांत एकसारखे नसे. भिंग त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिले जाई. त्यामुळे एका फेडचे भिंग दुसऱ्यावर चढवले, तर आटे नीट बसतात, पण चित्र धूसर येते. कारखाना यंत्रयुगात होता, जुळणी मात्र हस्तव्यवसायाची होती, हे त्या धूसर चित्रावरून कळते. उत्पादनाच्या अहवालांत असा तपशील सहसा नोंदवला जात नाही.

'अनाथ मुलांनी बनवलेला कॅमेरा' असे फेडचे वर्णन विक्रेते आवर्जून करतात. ते अर्धसत्य आहे. मुलांबरोबर अभियंते व पगारी कामगारही तेथे होते आणि उत्पादन वाढत गेले तसे कम्यूनचे शैक्षणिक रूप मागे पडून कारखान्याचे रूप पुढे आले. मकारेंको यांनी १९३५ मध्ये खार्किव सोडले. त्यांची 'बुरुजांवरील झेंडे' अशा अर्थाच्या शीर्षकाची, १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी या कम्यूनच्या जीवनावर आधारित आहे. ती वाचताना कम्यूनच्या सोनेरी दिवसांचे चित्र मनात उभे राहते. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावरील कोरीव मजकूर मात्र वेगळी साक्ष देतो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर 'श्रम-कम्यून' हा शब्द आहे, त्यासोबत अंतर्गत व्यवहार खात्याची, म्हणजे गुप्त पोलिसांना सामावून घेतलेल्या खात्याची, आद्याक्षरे आहेत आणि झेर्झिन्स्की यांचे नाव व 'खार्किव' आहे. पुढील कॅमेऱ्यांवर 'श्रम-कम्यून' जाऊन 'कोंबिनात', म्हणजे औद्योगिक संकुल, हा शब्द येतो. पत्र्यावरचा एक शब्द बदलला आणि एका शैक्षणिक प्रयोगाचे कारखान्यात झालेले रूपांतर त्यात नोंदले गेले. शिलालेखातील बिरुदे बदलली की अभ्यासक राजकीय स्थित्यंतराचा माग काढतो. येथेही पद्धत तीच वापरावी लागते.

१९३३ : खार्किवमधील दुसरा कॅमेरा :

फेडचे पहिले नमुने आणि नियमित उत्पादन यांच्या मधला काळ हा युक्रेनच्या इतिहासातील सर्वांत भीषण काळ आहे. १९३२-३३ च्या दुष्काळात, ज्याला युक्रेनमध्ये 'होलोदोमोर' म्हटले जाते, लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. सक्तीची धान्यवसुली हे त्याचे प्रमुख कारण होते. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने शेतकऱ्यांना युक्रेन आणि कुबान सोडून जाण्यास मज्जाव करण्यात आला आणि अंमलबजावणी राजकीय पोलिसांकडे सोपवली गेली. तरीही भुकेलेली माणसे खार्किवच्या रस्त्यांवर येऊन पडत होती. खार्किव त्या वेळी सोव्हिएत युक्रेनची राजधानी होती.

याच शहरात अलेक्झांडर विनरबर्गर हा ऑस्ट्रियन रसायन-अभियंता एका कारखान्यात काम करीत होता. त्याने लायका कॅमेऱ्याने रस्त्यावरील मृतदेह, रिकामी घरे आणि अन्नासाठीच्या रांगा यांची छायाचित्रे गुपचूप घेतली. ती राजनैतिक टपालातून ऑस्ट्रियात पोहोचली आणि १९३४-३५ मध्ये पुस्तकांतून प्रसिद्ध झाली. होलोदोमोरच्या अस्सल दृश्य पुराव्यांत या छायाचित्रांचे स्थान फार वरचे आहे. हा दुष्काळ झाल्याचे सोव्हिएत राजवटीने पुढे अनेक दशके मान्य केले नाही, हे लक्षात घेता त्यांचे मोल अधिकच वाढते.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, एक लायका उपासमारीची नोंद घेत होता आणि दुसऱ्या लायकाचे भाग सुटे करून त्याची नक्कल उतरवली जात होती. बेघर मुलांना आसरा, शिक्षण आणि हातात कौशल्य देणारी यंत्रणा आणि भुकेल्या शेतकऱ्याला गावात अडवून ठेवणारी यंत्रणा एकच होती. या दोन गोष्टींपैकी एकीने दुसरी खोटी ठरत नाही. मकारेंको यांच्या कम्यूनमध्ये मुले घडली हे खरे आहे आणि ज्या खात्याची आद्याक्षरे कॅमेऱ्यावर कोरलेली आहेत त्या खात्याने दुष्काळग्रस्तांची कोंडी केली हेही खरे आहे. मकारेंको यांचा शिक्षणविचार शिकवताना हा संदर्भ बहुधा गाळला जातो. तो गाळणे योग्य नव्हे.

वेत्सलारची बाजूही सरळ नव्हती. कंपनीचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्स यांनी १९३० च्या दशकात अनेक ज्यू कर्मचाऱ्यांना व परिचितांना जर्मनीबाहेर पडण्यास साहाय्य केले. त्यांची कन्या एल्झी क्यून-लाइट्स हिला ज्यू स्त्रियांना मदत केल्याबद्दल गेस्टापोच्या कैदेत राहावे लागले. त्याच वेळी हा कारखाना जर्मन लष्करासाठी उत्पादन करीत होता आणि युद्धकाळात तेथे युक्रेनमधून सक्तीने आणलेल्या शेकडो स्त्रिया राबत होत्या. त्यांची स्थिती सुधारावी यासाठी एल्झीने प्रयत्न केले, हाही तिच्यावरील एक आरोप होता. 'अस्सल' लायकातही युक्रेनच्या मनुष्यबळाचा वाटा होता, तो असा.

नकलेचा विस्तार :

नक्कल ही काही सोव्हिएत मक्तेदारी नव्हती. टोकियोत गोरो योशिदा यांनी १९३३ मध्ये काढलेल्या प्रयोगशाळेने लायकाच्या धर्तीवर जो नमुना बनवला त्याला 'क्वानोन' असे नाव दिले. करुणेची देवता असलेले हे बौद्ध दैवत म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरी आणि अजिंठा येथील लेण्यांत त्याची शिल्पे आहेत. भिंगाला तर बुद्धशिष्य महाकाश्यपावरून 'काश्यप' हे नाव योजले होते. क्वानोनचे पुढे 'कॅनन' झाले आणि १९३६ मध्ये पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्यावरचे भिंग निप्पॉन कोगाकू कंपनीचे, म्हणजे पुढे 'निकॉन' या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे होते. महायुद्धानंतर जर्मन एकस्वांचे संरक्षण संपुष्टात आले आणि इंग्लंड-अमेरिकेतही लायकाच्या प्रतिकृती निघाल्या.

कॉन्टॅक्सची कथा नकलेची नव्हे, स्थलांतराची आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात ड्रेस्डेन उद्ध्वस्त झाले. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी युद्धभरपाई म्हणून कॉन्टॅक्सची उत्पादनव्यवस्था येना येथे नव्याने उभी करवली आणि १९४७ मध्ये ती कीव येथील आर्सेनल कारखान्यात हलवली. आरंभीच्या 'कीव' कॅमेऱ्यांत जर्मनीत बनलेले भाग आढळतात. त्यांना नक्कल म्हणावे की मूळचाच पुढचा अवतार, यावर संग्राहकांत अजून एकमत नाही. फेडची परंपराही अशीच फांद्या फुटत वाढली. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९४८ पासून 'झोर्की' बनू लागला. त्याच्या चौथ्या आवृत्तीचे सुमारे १७ लाख नग निघाले.

१९५४ चा 'लायका एम-तीन' हा या प्रकारातील सर्वोत्तम कॅमेरा मानला जातो. पाचच वर्षांनी, १९५९ मध्ये, निकॉनचा 'एफ' हा भिंगातूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले.

बनावट लायका :

व्यवसायातून रेंजफाइंडर मागे पडला तसा तो संग्राहकांच्या हाती गेला आणि सोव्हिएत संघाच्या अखेरच्या व त्यानंतरच्या वर्षांत एक नवाच धंदा फोफावला. स्वस्तात मिळणारे जुने फेड व झोर्की घ्यायचे, त्यांवरचा मजकूर घासून काढायचा, 'लायका' हे नाव कोरायचे आणि जोडीला जर्मन वायुदलाची मालकी दर्शवणारी अक्षरे, स्वस्तिक किंवा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे चिन्ह बसवायचे. काहींना सोन्याचा मुलामा दिला जाई. मॉस्को, वॉर्सा, बर्लिन येथील जुन्या बाजारांतून असे कॅमेरे जगभर गेले.

ते ओळखण्याची खूण बाहेर नसून आत आहे. भिंग काढून आतील वरच्या बाजूस पाहिले असता अंतरमापकाला हलवणारी एक लहान तरफ दिसते. लायकामध्ये तिच्या टोकाला फिरणारी गोल चकती असते. फेड-झोर्कीमध्ये चकतीऐवजी थेंबाच्या आकाराचा भरीव तुकडा असतो. बनावट करणाऱ्याने पत्र्यावरील अक्षरांवर कितीही मेहनत घेतली तरी येथे तो सहसा हात घालत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी नाही. बनावट ताम्रपट व बनावट सनदा हा आपल्याकडील साधनचिकित्सेचा जुना विषय आहे. बनावट सनद ज्या राजाच्या नावे असते त्याच्याविषयी ती काही सांगत नसली, तरी ती ज्या काळी तयार झाली त्या काळच्या वतनाच्या तंट्यांविषयी पुष्कळ सांगते. बनावट लायकाही १९३६ च्या जर्मनीविषयी मौन पाळतो आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कोसळलेल्या एका अर्थव्यवस्थेविषयी बोलतो. कारागिरांजवळ कसब होते, खरेदीदार परदेशी चलन घेऊन येत होता आणि त्याला नाझी चिन्हांचे आकर्षण होते, हे सारे त्या पत्र्यावर वाचता येते.

अस्सल कॅमेऱ्यातूनही निर्भेळ सत्यच बाहेर पडते असे नाही. येवगेनी खाल्देई याने मे १९४५ मध्ये बर्लिनच्या राइशस्टाग इमारतीवर सोव्हिएत ध्वज फडकतानाचे जगप्रसिद्ध छायाचित्र लायकाने घेतले. त्यात एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीची शंका येऊ नये म्हणून एक घड्याळ प्रसिद्धीपूर्वी पुसण्यात आले. कॅमेरा खरा, छायाचित्रकार खरा आणि चित्र फेरफार केलेले, असा हा प्रकार आहे.

संग्रह आणि वापर :

असे कॅमेरे वापरावेत की जपावेत, असा वाद संग्राहकांत नेहमी होतो. साधन म्हणून पाहता काळजीपूर्वक वापर हा अभ्यासाचाच भाग ठरतो. फेडमध्ये फिल्म खालून सरकवावी लागते आणि त्यासाठी तिचे टोक सुमारे १० सेंटिमीटर लांब कापून अरुंद करावे लागते. धावपळीत फिल्म बदलणे किती कठीण होते, हे एकदा स्वतः केल्याखेरीज उमगत नाही. अंतर जुळवण्याची खिडकी वेगळी आणि चौकट पाहण्याची वेगळी, त्यामुळे छायाचित्रकार एका खिडकीतून दुसरीकडे डोळा नेईपर्यंत प्रसंग निघून जातो. चौकटीची खिडकी भिंगाच्या वरच्या बाजूस असल्याने जवळच्या माणसाचे डोके चित्रात कापले जाते. त्या काळच्या छायाचित्रातील एखाद्या दोषाला हेतू चिकटवण्यापूर्वी या मर्यादा ठाऊक असाव्यात. छायाचित्रांचे अर्थ लावणारे कित्येक विद्वान याबाबतीत घाई करतात.

वापरात काही पथ्येही आहेत. या कॅमेऱ्यांत भिंगामागे आरसा नसल्याने उन्हात भिंग सूर्याकडे रोखलेले राहिले तर कापडी पडद्याला भोक पडते. मंद गती असलेल्या झोर्कीमध्ये पडदा ताणल्यानंतरच वेळेची चकती फिरवावी, अन्यथा यंत्रणा बिघडते. कोकणासारख्या दमट हवेत भिंगावर बुरशी चढते, चामडी पेटीत ती अधिक लवकर चढते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा पेटीबाहेर, कोरड्या जागी ठेवावा. महाविद्यालयांच्या संग्रहात असा एखादा कॅमेरा आला, तर त्याला चकाकी आणण्याच्या भरात कोरलेली अक्षरे झिजवू नयेत. नोंदवहीत 'जुना कॅमेरा, एक नग' असे न लिहिता पत्र्यावरील संपूर्ण मजकूर, क्रमांक, भिंगाचा क्रमांक, दुरुस्तीच्या खुणा आणि आत फिल्म राहिली असल्यास तीही नोंदवावी.

पत्र्यावरील मजकुराचे महत्त्व अलीकडे आणखी वाढले आहे. मॉस्कोतील झेर्झिन्स्की यांचा पुतळा ऑगस्ट १९९१ मध्ये खाली उतरवला गेला. युक्रेनमध्ये २०१५ च्या कायद्यानंतर सोव्हिएत काळातील नावे बदलण्यात आली. खार्किवच्या झेर्झिन्स्की विभागाला २०१६ मध्ये कवी शेव्चेंको यांचे नाव मिळाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या रशियन आक्रमणात या शहराची मोठी हानी झाली. कम्यूनचे नाव धारण करणारे कॅमेरे मात्र जगभरच्या कपाटांत आणि टपऱ्यांवर विखुरलेले आहेत. ज्यांवर 'लायका' हे नाव नव्याने कोरले गेले, त्यांवरून कम्यून, पोलीस खाते, झेर्झिन्स्की आणि खार्किव ही चारही नावे घासून गेली. आतला थेंबाच्या आकाराचा तुकडा तेवढा जागेवर आहे.